पिकअपचा पिकअप गेला कुठे?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक छोटा पिवळा दिवा असतो. सगळे त्याला चेक लाइट म्हणतात. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, आणि विझला नाही की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात, आणि त्यावरून कुठला तरी पार्ट बदलला जातो. दिवा विझतो. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लागतो. पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच कोड, आणि या वेळी आणखी महागडा पार्ट!

वाचकहो, हा लेख त्या ‘पुन्हा’बद्दल आहे. धारूर तालुक्यातल्या माझ्या काकांच्या पिकअपमध्ये पी-००८७ हा एकच कोड पाच महिन्यांत चौदा वेळा आला. गाडी २०१७ सालची, बीएस-फोर, चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या गाडीत घडू शकते. एवढ्या काळात फिल्टर दोनदा बदलून झाला, प्रेशर सेन्सर एकदा. शेवटी एका वर्कशॉपने हाय प्रेशर पंप बदलायला सांगितला आणि ४२ हजारांचं कोटेशन हातात दिलं. ४२ हजार म्हणजे आमच्या गोठ्यातली एक म्हैस. गिऱ्हाईक बघायला येऊन गेलंही होतं. म्हैस गेली की सकाळचं डेअरीचं दूध निम्मं होणार, आणि गाडीचे हप्ते त्याच दुधावर चालतात. सेमिस्टरच्या सुट्टीत मी गावी पोचलो तेव्हा हे असं होतं.

काकांनी तक्रार एका वाक्यात सांगितली, “चढाला लागली की मान टाकती बघ.” म्हणजे पिकअप पिकअप घेत नाही! दिवा लागतो, ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन एका मर्यादेपुढे जात नाही, आणि मागे माल भरलेली गाडी घाटात बैलगाडीच्या चालीने चढते. याला लिंप मोड म्हणतात. इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर मुद्दामच ताकद कमी करतो. पण वळणावर मागून ऊस भरलेला ट्रक येत असेल तर इंजिन वाचण्याचं कौतुक करायला ड्रायव्हर मोकळा नसतो.

आता कोडकडे वळू. त्यातलं अक्षर आणि आकडे लॉटरीच्या तिकिटासारखे नसतात, त्यांना व्याकरण आहे. पहिलं अक्षर पी, म्हणजे पॉवरट्रेन. इंजिन आणि गिअरबॉक्सचा कारभार. (बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं.) पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे, तिथे एक असता तर तो त्या कंपनीचा खास कोड झाला असता. त्यापुढचं शून्य इंधन आणि हवा यांच्या नियंत्रणाचं. उरलेले ८७ म्हणजे नेमकी तक्रार: फ्युएल रेलमधलं प्रेशर हवं त्यापेक्षा कमी.

बस्स, एवढंच. ‘पंप खराब आहे’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ताप आला हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड हे त्याला विचारायचं नसतं. तरीही बाजारात कोडला रोगाचं नाव समजायची पद्धत पडली आहे, आणि ती का पडली हे कळायला या दिव्याचा जन्म बघावा लागतो. हा दिवा मिस्त्रीच्या सोयीसाठी जन्मला नाही. लॉस एंजलिसच्या धुरकट हवेला कंटाळलेल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांवर ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचं प्रदूषण-नियंत्रण स्वतः तपासण्याची, सक्ती केली. त्या पहिल्या पिढीत प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, भाषा वेगळी. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत ओबीडी-टू आलं आणि सॉकेट व कोड एकसारखे झाले. आपल्याकडे बीएस-फोरच्या नियमांत ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. बीएस-फोर सगळ्या देशाला लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. थोडक्यात, दिव्याचं मूळ काम ‘या गाडीचा धूर वाढू शकतो’ एवढं सांगण्याचं. कुठला नट सैल आहे ते शोधायचं काम माणसाचंच राहिलं.

हे प्रेशर म्हणजे किती, याची कल्पना आल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. जुन्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरसाठी पंपातून वेगळी नळी निघायची, आणि इंजिनाचा वेग कमी असला की प्रेशरही कमी. कॉमन रेलमध्ये एक पंप सतत डिझेल दाबून एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि सगळे इंजेक्टर त्या एकाच साठ्यातून पितात. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीत ही पद्धत पहिल्यांदा प्रवासी मोटारीत आली. मूळ विकास फियाटकडचा, उत्पादन बॉशचं, आणि प्रेशर १३५० बार. (बॉश म्हणजे आपली जुनी मायको. २००८ मध्ये नाव बदललं, पण नाशिकमध्ये आजही कित्येक जण त्या कारखान्याला मायकोच म्हणतात.) आमच्या गाडीत घाट चढताना साधारण ११०० बारच्या पुढे मागणी जाते. म्हणजे पन्नास किलोची २२ पोती सरकी पेंड एक चौरस सेंटिमीटर जागेवर, अंगठ्याच्या नखावर म्हणा, ठेवल्यासारखं! म्हणून एक सूचना इथेच करून ठेवतो. इंजिन चालू असताना हाय प्रेशरच्या बाजूचा एकही नट सैल करू नये आणि गळती बोटाने चाचपू नये. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी फोडून आत शिरते. वरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं; बोट कापावं लागण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

डिझेलचा प्रवास असा: टाकीतली चोखनळी, तिच्या टोकाची जाळी, चॅसीखालची लांब नळी, फिल्टर, पंप, रेल, इंजेक्टर, आणि न वापरलेलं डिझेल परत टाकीत. (‘सक्शन’ला मराठीत काय म्हणतात म्हणून मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, “सक्शन!” चोखनळी हा शब्द माझा आहे, चुकीची भूल द्यावी घ्यावी.) आमच्या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. इंजिनावरचाच पंप टाकीतून डिझेल ओढतो. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर फिरतं.

रेलवर एक सेन्सर असतो आणि पंपाच्या तोंडाशी एक मीटरिंग व्हॉल्व्ह. कॉम्प्युटर म्हणतो, ‘आत्ता मला ११०० हवेत.’ सेन्सर सांगतो, ‘१०५० आहेत.’ कॉम्प्युटर व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो. हे सेकंदात अनेकदा चालू असतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण जो क्लोज्ड लूप काढतो, तोच. आणि त्या लूपचा गुणच इथे घात करतो. कुठे थोडी कमतरता असली तर लूप ती गुपचूप भरून काढतो. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, व्हॉल्व्हला अजून उघडायला जागा असते, म्हणून ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही. घाटात मागणी वाढते, व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडतो, तरी प्रेशर येत नाही. मागणी आणि पुरवठ्यातलं अंतर ठरलेल्या मर्यादेबाहेर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहतं, आणि मग कोड लिहिला जातो. म्हणजे दिवा घाटात लागला म्हणून बिघाड घाटात झाला असं नसतं. तो आधीपासूनच होता, फक्त भरपाई संपली.

मग कमतरता कुठली? संशयित बरेच. फिल्टर चोंदलेला, टाकीतली जाळी चोंदलेली, नळीतून हवा ओढली जाते, मीटरिंग व्हॉल्व्ह अडकतो, रेलचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो, इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडतात, पंप झिजला, किंवा सगळं ठीक असून सेन्सरच खोटं बोलतो. यातला पंप सगळ्यांत महाग आणि बदलायला सगळ्यांत जिकिरीचा. कोटेशन नेमकं त्याचंच का यावं, यावर मी काही बोलत नाही!

कोड लिहिताना कॉम्प्युटर त्या क्षणाचा एक फोटोही काढून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बरेच जण कोड वाचतात आणि हा फोटो न बघताच पुसून टाकतात. आमच्या फोटोत होतं: वेग ताशी ३१ किलोमीटर, इंजिनाचे फेरे २३०० च्या आसपास, लोड नव्वद टक्क्यांच्या वर, पाण्याचं तापमान ८८ अंश. इंजिन गरम, गिअर खालचा, पाय पूर्ण दाबलेला, म्हणजे चढ. काकांचं वाक्य आणि कॉम्प्युटरचा फोटो एकच सांगत होते. पण त्या फोटोत जे नव्हतं ते काकांच्या वहीत होतं.

काका प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात. साधी दोनशे पानी वही: तारीख, कुठून कुठे, माल, भाडं, किती रुपयांचं डिझेल, किलोमीटर. सोयाबीन, कापूस घेऊन माजलगावला जायचं, तिथल्या मोंढ्यातून पेंड किंवा खत भरून तेलगावमार्गे धारूरचा घाट चढून परत यायचं, हा नेहमीचा रस्ता. दिवा लागला त्या दिवशी त्यांनी पानाच्या कडेला फुली मारली होती. म्हैस विकायची वेळ येईपर्यंत त्या चौदा फुल्या कुणीच एकत्र वाचल्या नव्हत्या, कारण वही मालकाची आणि स्कॅनर मिस्त्रीचा.

दोन रात्री मी ती वही कागदावर उतरवली. जाताना माल भरलेला असूनही एकही फुली नाही. बरोबरच आहे, घाट उतरताना इंजिनाला ताकद लावावीच लागत नाही. सगळ्या फुल्या परतीच्या. पण परतीच्या, भरलेल्या, घाट चढलेल्या फेऱ्या एकूण ४६ होत्या आणि दिवा लागला १४ वेळा. उरलेल्या ३२ वेळा तीच गाडी, तोच घाट, तेवढाच माल, आणि दिवा नाही. का नाही? माझ्या मते निदानातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न हा आहे. बिघाड कधी होतो हे सगळेच विचारतात, कधी होत नाही हे फार थोडे विचारतात.

माल, तारीख, ऊन, डिझेलचा पंप, सगळं ताडून पाहिलं, काही जुळेना. मग टाकीत किती डिझेल असेल याचा हिशोब मांडला. टाकी साठ लिटरची, सरासरी लिटरला तेरा किलोमीटर. कुठल्या तारखेला फुल्ल केली ते वहीत, तिथून वजाबाकी. हिशोब ढोबळ होता, पण चित्र एकदम स्वच्छ निघालं. टाकी निम्म्याच्या वर असताना चढलेल्या फेऱ्या १५, फुल्या शून्य. निम्म्याच्या खाली असताना ३१, फुल्या १४. सगळ्याच्या सगळ्या चौदा! केवळ योगायोगाने चौदाही फुल्या त्या ३१ मध्येच पडण्याची शक्यता काढली तर ती हजारात जेमतेम एक येते. (एम-थ्रीच्या सरांनी पडताळून पाहायला हरकत नाही.)

आता ‘पुन्हा’चंही कोडं सुटलं. काका एरवी पाचशे-हजाराचं डिझेल टाकतात, खेड्यात सगळे तसंच करतात. टाकी फुल्ल होते फक्त वर्कशॉपमधून निघताना, कारण “टाकी फुल्ल करा आणि लांब ट्रायल घ्या” असं प्रत्येक ठिकाणी सांगतात. फुल्ल टाकीवर ट्रायल उत्तम व्हायची. नवा फिल्टर यशस्वी! आठ दिवसांनी डिझेल निम्म्यावर आलं की फुली. पुढच्या वेळी सेन्सर यशस्वी! पार्ट बदलल्याने काहीच झालं नव्हतं, टाकी भरल्याने झालं होतं.

डिझेल कमी असलं की काय बदलतं? काकांना मी चोखनळीचं चित्र काढून दाखवायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. “हिरीवरच्या मोटारीवानी हाय की मग. सक्शनला चीर गेली की मोटार हवा धरती.” अगदी हेच. विहिरीवरच्या मोटारीच्या डिलिव्हरी पाइपाला भोक पडलं तर पाण्याची धार बाहेर उडते आणि कुणालाही दिसते. सक्शन पाइपाला भोक पडलं तर बाहेर काहीच येत नाही, कारण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो; उलट हवाच आत जाते. भोक पाण्याखाली असेल तर तिथून पाणीच ओढलं जातं आणि काही बिघडत नाही. विहीर आटली, भोक उघडं पडलं, की मोटार पाणी सोडते. आपल्या गाडीत इंजिनावरचा पंप टाकीतून ओढतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा भाग सक्शन पाइप. गळती असूनही चॅसीखाली एक थेंब नसणार.

आणि हवा पंपात गेली की काय होतं? डिझेल दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पिस्टन सरकला की ते पुढे जातंच. हवेचा बुडबुडा मात्र आधी स्वतः दबतो. पिस्टनच्या धक्क्यातला काही भाग त्या बुडबुड्याला चेपण्यात वाया जातो, रेलमध्ये डिझेल कमी पोचतं, आणि पी-००८७.

हा झाला तर्क. तर्कावर म्हैस वाचत नाही, म्हणून तपासणी. धारूरच्या एका मिस्त्रींनी आपला स्कॅनर आणि एक अख्खा दिवस दिला. त्यांचं म्हणणं होतं की पंप उघडायचा तर सगळ्यात शेवटी. क्रम त्यांचाच: फुकटचं आधी, स्वस्त नंतर, महाग शेवटी.

सेन्सरची तपासणी फुकटात होते. रात्रभर उभी गाडी, किल्ली ऑन, इंजिन बंद. रेलमध्ये प्रेशर असूच शकत नाही, तर सेन्सरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. दाखवलं. इंजेक्टरसाठी चार सलाइनच्या नळ्या आणि चार सारख्या बाटल्या लागल्या. परतीच्या नळ्या काढून प्रत्येक इंजेक्टरचं परतीचं डिझेल वेगळ्या बाटलीत धरायचं आणि गरम इंजिन काही मिनिटं आयडलला चालवायचं. एखादा इंजेक्टर आतून गळत असेल तर त्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते. आमच्या चारही बाटल्या जवळजवळ एकाच रेषेवर. रेलचा सेफ्टी व्हॉल्व्हही कोरडा होता. महागातले दोन संशयित इथेच सुटले.

मग फवारणी पंपाची पारदर्शक नळी दोन वीत कापून फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये जोडली. त्या दिवशी काटा पावच्या जरा वर होता. आयडलला नळी स्वच्छ. फेरे २५०० वर नेले आणि बुडबुड्यांची माळ सुरू झाली, सोड्याच्या बाटलीसारखी. नळी फिल्टरच्या अलीकडे जोडली, तरी बुडबुडे. म्हणजे फिल्टर निर्दोष. शेवटी थेट टाकीच्या तोंडाशी जोडली. तिथेही तेच. चॅसीखालची सगळी लांब नळी एका झटक्यात निर्दोष सुटली, कारण हवा तिच्या आधीच आत येत होती.

इथे काकांनी स्वतःहून कॅनमधलं वीस लिटर डिझेल टाकीत ओतलं. इंजिन चालूच होतं, फेरे २५००. अर्ध्या मिनिटात बुडबुडे विरळ झाले आणि थांबले. आम्ही तिघेही त्या नळीकडे बघत उभे होतो. कुणी काही बोललं नाही. नंतर मिस्त्रींनी फक्त “टाकी उतरवू” एवढं म्हटलं.

पण त्याआधी त्यांनी घाटातली एक ट्रायल घ्यायला लावली, आणि ते बरोबरच होतं. अंगणातले बुडबुडे म्हणजे घाटातला कोड, हे अजून जोडून दाखवायचं होतं. वीस लिटर पुन्हा काढून घेतले. डिझेलचा कॅन मागे पक्का बांधला, त्यातून नळी थेट फिल्टरला, आणि परतीची नळीही कॅनमध्येच. (परतीची टाकीतच ठेवली तर कॅन बघता बघता रिकामा होतो.) टाकी पूर्णपणे वगळली. २२ पोती भरून तेलगावकडून घाट चढलो, मी मांडीवर स्कॅनर घेऊन. मागणी ११४०, पुरवठा ११३०. मागणी ११८०, पुरवठा ११७५. दिवा नाही. खाली उतरून टाकीची नळी जोडली आणि तोच घाट पुन्हा. तिसऱ्या वळणावर मागणी ११५०, पुरवठा ९६०, ९१०, आणि पिवळा दिवा. त्याच पंपाने, त्याच इंजेक्टरांनी, पाऊण तासापूर्वी तोच माल तोच चढ वर नेला होता. कॅन टाकीपेक्षा उंचावर होता, त्यामुळे डिझेलला उताराची थोडी मदत मिळते हे खरं. चोंदलेल्या जाळीचा दोषही अशा चाचणीत झाकला जातो. म्हणूनच बुडबुड्यांची चाचणी वेगळी लागते. दोन्ही मिळून उत्तर एकच उरतं: टाकीच्या आत, हवा.

चोखनळी बाहेर काढली तेव्हा पहिल्या नजरेला काहीच दिसलं नाही. प्लॅस्टिकची नळी, खाली जाळी, थोडा गाळ, तेवढंच. मग पंक्चरवाल्याची पद्धत: घमेल्यात पाणी, एक टोक बोटाने बंद, दुसऱ्या टोकाने फुंकर. जिथे नळीला धरणारी पट्टी बसते तिथे, साधारण मध्यावर, बुडबुडे. नखाएवढी, केसासारखी बारीक चीर. नळी वाकवली तरच डोळ्यांना दिसणारी. पट्टीच्या त्या जागी वर्षानुवर्षं कंप बसून प्लॅस्टिक दमलं असावं. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आपण ज्याला फटीग म्हणतो त्याचा हा साधा घरगुती नमुना. आमच्या टाकीत चोखनळी पुढच्या बाजूला आहे. चढावर गाडीचं नाक वर होतं, डिझेल टाकीच्या मागच्या भिंतीकडे सरकतं आणि नळीपाशी पातळी आणखी खाली जाते. म्हणून सपाटीला निम्म्या टाकीवर झाकलेली चीर घाटात उघडी पडायची, तीही नेमकी इंजिनाला सगळ्यांत जास्त डिझेल हवं असतं तेव्हा.

नळी फ्लोटच्या युनिटसकट मिळते, सुटी नाही. २८०० रुपये, नवी रबर सील आणि मिस्त्रींची मजुरी वेगळी. मजुरी ते घेत नव्हते. काकांनी दिलीच, वर पाच लिटर दूध.

दुरुस्ती झाली असं ठरवताना मात्र त्या दिव्यावर विसंबू नये. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतोच, बिघाड असो वा नसो. न पुसताही, सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर बहुतेक गाड्यांत तो आपोआप विझतो, आणि इंजिन चाळीसेक वेळा गार होऊन पुन्हा गरम झालं की कोड स्मृतीतूनही जातो. त्यामुळे ‘दिवा विझला’ हा पुरावा फार कच्चा. बिघाड ज्या परिस्थितीत यायचा तीच मुद्दाम निर्माण करून तो येत नाही हे बघावं लागतं. आमच्या बाबतीत याचा अर्थ, टाकी फुल्ल करायची नाही. काका आठ दिवस पावच्या आसपास डिझेल ठेवून भरलेली गाडी घाट चढवत राहिले. सहा फेऱ्या झाल्या, एक फुली नाही. सपाटीलाही मीटरिंग व्हॉल्व्ह आता पूर्वीपेक्षा कमी उघडतो, म्हणजे गुपचूप भरपाईही थांबली.

वहीत काकांनी आता एक नवा रकाना पाडला आहे: काटा. फेरी सुरू करताना डिझेलचा काटा कुठे होता ते लिहितात. म्हशीचं गिऱ्हाईक परत येऊन गेलं, त्याला चहा पाजून पाठवलं. सॉकेट कुठे असतं, फ्रीझ फ्रेम कशी उघडायची, हे कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुढच्या महिन्यात काका सोयाबीनची पोती घेऊन आपल्या शहरात येणार आहेत. गाडी हॉस्टेलच्या गेटबाहेर तासभर उभी करायची परवानगी मी रेक्टर सरांकडे मागितली आहे.